प्रशिक्षणात घातलेलं गाऱ्हाणं

नावं मी कुणाचीच सांगणार नाही. कॉलेजचं नाही, गावाचं नाही, माणसांचं तर नाहीच. आमच्या सिंधुदुर्गात आडनाव सांगितलं की गाव कळतं, गाव कळलं की देव कळतो, आणि देव कळला की समोरचा 'म्हणजे त्या वळणावरचं चिऱ्याचं घर ना?' असं विचारून मोकळा होतो. तेव्हा प्राचार्यांना प्राचार्य म्हणायचं, प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांना प्रमुख म्हणायचं, आणि मी त्यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचे, एवढं पुरे. साल म्हणाल तर मोबाईल नुकते आले होते आणि रेंज मिळावी म्हणून आमचे अर्धे प्राध्यापक सायकल स्टँडमागच्या दगडी गडग्यावर चढून बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट.

सुरुवात झाली बाजारात. आमच्या तिठ्यावर एक बाई मासे घेऊन बसायची. तिची मुलगी आमच्याच कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. घरातली कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सकाळी आईबरोबर पाटी उतरवायची, हाताला लिंबू चोळायचं आणि वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसायचं. एक दिवस आई माझे बांगडे साफ करत होती, तेवढ्यात ही मला पानाच्या टपरीमागे घेऊन गेली आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली. प्रमुख जर्नलवर सही करायला मुलींना एकेकटीला बोलावतात, प्रयोगशाळेतल्या मोठ्या कपाटामागे. सही करताना त्यांचा एक हात वहीवर असतो, दुसरा वहीवर नसतो. हिने तो दुसरा हात झटकला. तेव्हापासून हिचं जर्नल त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होतं आणि वर निरोप होता, एकटी ये, मग बघू.

सही झालेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा महिन्यावर आली होती. वर्ष गेलं की शिक्षण संपलं, कारण देवगडकडचं एक स्थळ घरच्यांनी हेरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, तक्रार लिहून दे, मी पुढे नेते. ती म्हणाली, लिहिलं की खाली नाव लागतं, आणि नाव लागलं की पाटी रिकामी व्हायच्या आत ते आईच्या कानावर येतं, आणि आईला कळलं की उद्यापासून कॉलेज बंद. हात त्यांचा आणि कॉलेज हिचं बंद! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांगडे तिथेच विसरून मी कॉलेजात आले.

आमचे प्राचार्य वाईट नव्हते. वाईट असते तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यांना कुणी काहीही सांगितलं की ते आधी 'होय होय' म्हणायचे, मग 'बघू' म्हणायचे, आणि त्यानंतर काय होतं ते आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. मी मुलीचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी होय होय म्हणत आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग पंखा मोठा केला आणि म्हणाले, "लेखी आणा." मी म्हटलं, लेखी मिळणार नाही. तेव्हा त्यांनी खणातून विद्यापीठाचं एक परिपत्रक काढलं. मेलेली पाल धरावी तसं दोन बोटांत धरून. प्रत्येक कॉलेजने महिलांच्या तक्रारींसाठी समिती नेमावी आणि भेदभाव आणि लैंगिक गैरवर्तन रोखण्यासाठी सगळ्यांचं प्रशिक्षण घ्यावं, असं त्यात होतं. तो 'लैंगिक' शब्द त्यांच्या तोंडून काही निघेना. ते नुसतं बोट ठेवून 'हा विषय' म्हणत होते. जीवशास्त्राच्या दोन विभागांच्या मधोमध ज्यांची केबिन, त्या माणसाची ही तऱ्हा.

त्यांचं म्हणणं असं की आधी प्रशिक्षण होऊ दे. प्रशिक्षण झाल्याशिवाय आपल्याला कळणार कसं, की जे घडलंय ते हाच विषय आहे म्हणून? मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला समितीवर घेतलं, कारण मी तशीही भांडतेच. आणि प्रशिक्षणाचे संयोजक म्हणून त्यांनी प्रमुखांचं नाव लिहिलं. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

"सर, अहो, मी त्यांच्याबद्दलच तर सांगतेय," मी म्हटलं.

प्राचार्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "असं असेल तर त्यांना प्रशिक्षणाची जास्तच गरज आहे."

खरं सांगायचं तर दुसरा संयोजक मिळणंही कठीण होतं. गॅदरिंग असो, श्रमदानाचं शिबिर असो, खुर्च्या, मांडव, आचारी, हार, शाल, श्रीफळ हे सगळं प्रमुखांच्या एका फोनवर व्हायचं. गडी उत्साही. शिवाय घराण्याचा मानकरी. त्यांच्या गावच्या जत्रेत देवाला गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा 'व्हय म्हाराजा' म्हणण्याचा पहिला मान त्यांच्या घराचा. त्यांचा आवाज उठला की मग बाकीचा गाव म्हणणार. हे ते नव्या माणसाला पहिल्या चहालाच सांगायचे.

समितीत बाहेरची एक बाई हवी, महिलांच्या संस्थेत काम करणारी, असंही परिपत्रकात होतं. प्राचार्यांनी आपल्या पत्नीला घेतलं. वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळ कोकम सरबत आणि कुळथाचं पीठ करायचं. पण त्या बाहेरच्या कशा, असं मी विचारल्यावर प्राचार्य म्हणाले की आमचं घर कॉलेजच्या फाटकाबाहेरच आहे. वहिनींना मात्र मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. त्या घरात आणि दारात मालवणीच बोलायच्या, साहेब आला तरी. त्यांनी ऐकून घेतलं, सरबताच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरा."

मग तयारी सुरू झाली. अगो बाई, काय ती तयारी! बॅनरवर विषय लिहायचा की नाही यावर स्टाफरूममध्ये घनघोर चर्चा. बॅनर घेऊन गावातून मिरवणूक जाते, पोरंबाळं वाचतात, शब्द कसा लिहिणार? शेवटी पेंटरला 'एकदिवसीय प्रशिक्षण, विषय' एवढंच लिहून पुढे जागा सोडायला सांगितलं. त्या रिकाम्या जागेवर झेंडूची माळ लावायची ठरली. त्यानंतर प्रशिक्षण द्यायला मुंबईहून येणाऱ्या बाई मासे खातात का, हा प्रश्न. त्यावर समितीची पूर्ण एक बैठक झाली. बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, काहीही चालेल. काहीही चालणारं माणूस आमच्याकडे कुणी पाहिलेलंच नाही, त्यामुळे घोटाळा आणखी वाढला. अखेर सुरमई, शिंपल्यांतल्या तिसऱ्या आणि शिवाय काळ्या वाटाण्याचं सांबारं असं सगळंच करायचं ठरलं. आणि सुरमई कुणाकडून घ्यायची? प्रमुखांनी ती त्या मुलीच्या आईलाच सांगितली. पाहुण्यांना ओवाळायला साडी नेसून ज्या मुली उभ्या राहणार होत्या, त्यांत त्यांनी हिचंही नाव घातलं.

मी तणतणत तिच्याकडे गेले. म्हटलं, तू काही ताट धरून उभी राहायची नाहीस, मी बघते कोण काय म्हणतं ते. ती म्हणाली, असू दे मॅडम, उभी राहते. मग तिने मला विचारलं की प्रशिक्षणाला सगळे येणार ना, शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत. मी होय म्हटलं.

प्रशिक्षणाच्या दिवशी सकाळी सकाळी भारनियमन. बाईंनी मुंबईहून पडद्यावर दाखवायची चित्रं आणली होती. वीज नाही म्हटल्यावर पडदा कोरा. पण बाई जिद्दीच्या. पन्नाशीच्या, कापलेल्या केसांच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या कोऱ्या पडद्याकडे बोट करून सांगू लागल्या की समजा, इथे एक ऑफिस आहे, इथे एक साहेब आहे, तो हिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलाय. सगळं सभागृह मान वळवून कोऱ्या पडद्यावरच्या साहेबाकडे बघत होतं. मागे बसलेले भौतिकशास्त्राचे एक सर तर त्या साहेबाचा चेहरा नीट दिसावा म्हणून पुढच्या रांगेत येऊन बसले.

नंतर प्रश्न विचारायची वेळ आली. पुरुषमंडळींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती एकदम सुटली. पावसात विद्यार्थिनीला स्कूटरवर सोडणं हा गुन्हा आहे काय? गुड मॉर्निंग म्हणायचं की नाही? म्हटलं तर हसून म्हणायचं की गंभीरपणे? एकाने विचारलं की आमच्यासाठी वेगळी पुरुष तक्रार समिती कधी निघणार. दुसऱ्याने विचारलं, जेवण किती वाजता आहे. बाई हरेकाला शांतपणे उत्तर देत होत्या. मी असते तर खडू फेकून मारला असता.

आणि या सगळ्यांत उजळून निघाले कोण? प्रमुख! बाईंनी प्रसंग सांगायचा आणि हे गैरवर्तन आहे का म्हणून विचारायचं, की पहिला हात यांचा वर. शिक्षकाने मार्कांसाठी मुलीला एकटीला बोलावलं तर? 'गैरवर्तन!' प्रमुख म्हणाले. नको म्हटल्यावरही अंगाला हात लावला तर? 'गंभीर गैरवर्तन!' सगळी उत्तरं बरोबर. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, प्रत्येक कॉलेजला असे एक सर हवेत. मुली खाली बघत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी पदराने वारा घेत होत्या, त्या वारा घ्यायच्या थांबल्या.

जेवणाआधी शेवटचं प्रात्यक्षिक होतं. तक्रार कशी करायची ते करून दाखवा, बाई म्हणाल्या. खोटी चालेल, नाटक म्हणून चालेल, पण एखाद्या मुलीने उठून इथे पुढे येऊन बोलावं. कुणी उठेना. बाईंनी पुन्हा आवाहन केलं. तेव्हा वहिनी उभ्या राहिल्या आणि बाईंना म्हणाल्या की तुमची ती तक्रार आमच्याकडे कुणाला येत नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात.

बाईंना ते ठाऊक नव्हतं, म्हणून वहिनींनी समजावून सांगितलं. नारळ ठेवायचा. देवाला हाक मारायची आणि गावाच्या वतीने मोठ्याने सांगायचं, काय हवं, काय नको, कोण वाटेत आडवं येतं. माणसाचं नाव घ्यायचं नाही, 'जो कोण असात तो' म्हणायचं. आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाई हरखल्याच. वा, म्हणाल्या, हे तर फारच छान, स्थानिक परंपरेतून जागृती! प्रमुख तर कधीच उठले होते. त्यांनी स्टूल आणलं, सत्काराच्या ताटातला नारळ त्यावर ठेवला, शेंडी नीट वर केली, आणि स्वतः मानकऱ्याच्या जागी, स्टुलाच्या उजव्या अंगाला, हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाणं आणि आपण नाही, असं कसं चालेल?

आणि ती मुलगी उठली. ओवाळायला नेसलेली साडी कमरेला खोचत पुढे आली. तिचे आजोबा बंदरावर होडीचं गाऱ्हाणं घालायचे, ती लहानपणापासून पुढे बसून ऐकत आलेली. लगेच मागून कुजबुज झाली की बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. प्राचार्यांनाही ते पटलं, ते होय होय म्हणाले. पण मुंबईच्या बाई कडाडल्या. म्हणाल्या, सकाळपासून मी काय सांगतेय? यालाच भेदभाव म्हणतात. त्यावर प्राचार्यांनी पुन्हा होय होय म्हटलं, आणि आमच्या कॉलेजात त्या प्रशिक्षणाचा पहिला परिणाम दिसला.

"बा देवा म्हाराजा!" तिने हाक घातली. एवढ्याशा पोरीचा आवाज, पण बंदरावरचा.

"व्हय म्हाराजा!" प्रमुखांनी आवाज दिला, आणि त्यामागून अख्खं सभागृह.

"बारा गावच्या, बारा वाटांच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आज ही कॉलेजची लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत, मुंबईहून बाई आल्या आहेत, त्यांना सुखरूप परत पोचव म्हाराजा. व्हय म्हाराजा. सकाळपासून गेलेली लाईट येऊ दे म्हाराजा. व्हय म्हाराजा, आणि हशा. आचाऱ्याच्या हाताला चव दे म्हाराजा. याला तर शिक्षकांनी जीव तोडून व्हय म्हटलं. आता एक सांगते. गाऱ्हाण्यातलं व्हय हे डोक्यातून येत नाही, ते घशात तयारच असतं. वाक्य खाली उतरलं की ते आपोआप बाहेर येतं. मनात शेतीची चिंता असो, जेवणातल्या बकऱ्याचा विचार असो, माणूस व्हय म्हणत राहतो. आणि ती दोन वाक्यांमध्ये कुणाला श्वास घ्यायलाही जागा देत नव्हती.

"ह्या कॉलेजात जो कोण असात तो, मी नाव घेणंय नाय म्हाराजा, पोरींका जर्नलावरच्या सयेच्या निमतान कपाटामागे बोलयता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत आधी प्रमुख.

"खांद्यार हात ठेवता, आणि हात काढूक सांगितला तर वही अडवून ठेवता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे ऐकलं कुणी? कुणीच नाही. मी स्वतः व्हय म्हणून बसले होते आणि मग आपण कशाला व्हय म्हटलं ते माझ्या ध्यानात आलं. वहिनींकडे पाहिलं, तर त्यांनी माझा हात दाबला. मुलगी थांबली नव्हती.

"जिच्या आवशीन माशे इकान तिका शिकयल्यान, तिचा वरीस फुकट जाव्क इला हा म्हाराजा! तो जो कोण असात, तेका सुबुद्धी दी म्हाराजा! आणि आज, ह्या नारळासमोर, जेवणाच्या आधी, तेच्या हातान अडकलेल्या सगळ्या वह्यांवर सई होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रमुखांनी छाती भरून म्हटलं. त्या दिवसाचा तो त्यांचा सगळ्यांत दमदार व्हय होता.

मग ती गप्प झाली. आणि त्या शांततेत, वाडीवरून घंटेचा आवाज उशिराने पोचावा तसं, एकेकाच्या कानाला ते शब्द पोचू लागले. भौतिकशास्त्राचे सर प्रमुखांकडे बघू लागले. मग शिपाई. मग सगळेच. प्रमुखांचे हात अजून जोडलेले होते. चेहरा मात्र सोलकढीसारखा झाला होता. मुंबईच्या बाईंना मालवणी अर्धीमुर्धीच कळली असावी, त्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

प्राचार्यांनी घाईघाईने जाहीर केलं की आता आभारप्रदर्शन. आभार मानणार होते प्रमुखच. ते माईककडे वळले, वीज नसल्यामुळे माईकही मेलेला. त्यांनी स्टुलावरचा नारळ उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "नारळ उचलूचो नाय. मागणा पुरा झाल्याबिगर नारळ हलाचो नाय."

प्रमुख कसंबसं हसले. म्हणाले, वहिनी, हे प्रात्यक्षिक होतं, खोटं खोटं होतं.

"नारळ खोटो आसा?" वहिनींनी विचारलं.

नारळ खराच होता. मागणं जेवणाच्या आधी पुरं व्हायचं होतं आणि त्याला आम्ही सगळ्यांनी देवासमोर व्हय म्हटलं होतं. आता जेवायला बसणार कोण? जो बसेल त्याने आपलं व्हय मोडलं. मागच्या पडवीत सुरमई तव्यावर चरचरत होती, वास सभागृहात भरला होता, आणि एवढी शिकलेली माणसं एका नारळाभोवती ताटकळत उभी होती. यातल्या कितीतरी जणांना कपाटामागचं आधीपासून माहीत होतं, हे मी त्यांच्या तोंडावर वाचत होते. वर्षानुवर्षं कुणी ब्र काढला नव्हता. सदसद्विवेकबुद्धी का काय म्हणतात तिने जे केलं नाही, ते त्या वासाने केलं. आधी भौतिकशास्त्राचे सर पुटपुटले, सर, करून टाका ना सही. मग आणखी कुणी म्हणालं, तिसऱ्या गार होतायत हो. मग शिपाई, मग ऑफिसमधले, सगळेच म्हणू लागले. शेवटी प्राचार्यही होय होय म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं होय होय कामाला आलं.

प्रमुख प्रयोगशाळेत जाऊन तिचं जर्नल घेऊन आले. खाली मान घालून स्टुलावर ठेवू लागले, तर मागून आणखी एक मुलगी उठली आणि म्हणाली, माझं पण. मग तिच्यामागे दुसरी. मग आणखी. गाऱ्हाण्यात 'सगळ्या वह्या' असं का म्हटलं होतं ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, वही एकीचीच अडली आहे. प्रमुखांना परत जाऊन वह्यांचा गठ्ठा आणावा लागला. नारळाशेजारी वाकून, सगळ्यांच्या देखत, ते एकेक सही करत होते. दुसरा हात कुठे आहे ते मी मुद्दाम बघत होते. स्टुलावर होता.

टाळ्या वाजवणाऱ्या बाईंचे हात केव्हाच खाली आले होते. त्यांनी मला हळूच विचारलं की हे नाटक नाही ना. मी नाही म्हटलं. मग वहिनींनी आणि मी मिळून त्यांना पहिल्यापासून सांगितलं. बाई जेवल्या नाहीत. मुलींना घेऊन ग्रंथालयात बसल्या, दार लावून, आणि सगळं लिहून घेतलं. नावं लावायला आता कुणी घाबरलं नाही, कारण लपवण्यासारखं उरलं काय होतं? मुलीच्या आईलाही पाटी रिकामी व्हायच्या आत सगळं कळलंच. ती धावत कॉलेजात आली. मी मनात म्हटलं, आता हिला ओढत घरी नेणार. तिने लेकीच्या हातातलं जर्नल घेतलं, सहीचं पान उलटसुलट करून पाहिलं, जर्नल पदराने पुसलं आणि परत दिलं. लाईट आली ती संध्याकाळी, सगळे निघाल्यावर.

पुढे समितीने काय केलं म्हणाल, तर आम्ही भांडलो. मी आणि वहिनी. प्रमुखांना काढा, असं आम्ही लिहून दिलं. संस्थेने त्यांची बदली केली, आत घाटाच्या पायथ्याशी असलेल्या दुसऱ्या शाखेत. जाताना त्यांनी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नेलं, 'उत्कृष्ट सहभाग' असा शेरा असलेलं. ते सकाळीच सह्या होऊन तयार होतं. मला इतका संताप आला की मी चार दिवस कुणाशी धड बोलले नाही. वहिनींनी संताप वगैरे केला नाही. तिकडच्या महिला मंडळाला त्यांनी सरबताच्या बाटल्या पाठवल्या आणि बाटल्यांबरोबर निरोप. प्रमुख हजर व्हायच्या आधीच त्या शाखेतली सगळी कपाटं भिंतीला चिकटवून ठेवली गेली, असं ऐकलं. प्राचार्यांनी विद्यापीठाला अहवाल धाडला की कार्यक्रम स्थानिक परंपरेनुसार पार पडला आणि उपस्थितांनी उत्स्फूर्त होकार दिला.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ती बसली. बाहेर आली तेव्हा हाताला फॉर्मालिनचा वास येत होता आणि चेहरा खुलला होता. पेपर कसा गेला, हे विचारून झाल्यावर मी तिला इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं. म्हटलं, तुला भीती नाही वाटली? सर मधेच गप्प झाले असते तर? सगळ्यांनीच व्हय म्हणायचं सोडून दिलं असतं तर?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच परीक्षेला बसले आहे.

"ती सगळी व्हय म्हणतली ह्या माका म्हायत होता, मॅडम," ती म्हणाली. "त्याच्या आधी मी साधा सांगान बघलंय ना. तुमका सांगितला, ऑफिसात सांगितला, प्राचार्य सरांका तर केबिनीत जावन सांगितला. सगळी व्हयच म्हणाली."